पीसीओएस आणि इन्सुलिन रेझिस्टन्स: मेटफॉर्मिन, गर्भनिरोधक गोळी की इनोसिटॉल?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २८, पाळी दोन-दोन, कधी तीन महिन्यांनी येते. हनुवटीवर आणि वरच्या ओठावर राठ केस, बीएमआय २९. उपाशीपोटी इन्सुलिन २४, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा) ५.९. एका डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिलं, दुसऱ्यांनी गर्भनिरोधक गोळ्या सांगितल्या, आणि ओळखीतल्या एकीला इनोसिटॉल या पूरक द्रव्याने फरक पडला. मूल हवं आहे, पण दोनेक वर्षांनी. यातलं काय घ्यायचं?

तिघांपैकी कुणीच चूक सांगत नाही, म्हणून तर गोंधळ उडतो. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडाशयं आणि हॉर्मोन यांच्या कामातला बिघाड) मुळापासून बरा करणारं औषध आज तरी नाही. जी औषधं आहेत ती त्यातल्या एकेका तक्रारीवर काम करतात: एक साखरेवर, एक पाळीवर आणि केसांवर, एक बीज सुटण्यावर. त्यामुळे रिपोर्टवरच्या आजाराच्या नावाकडे बघून औषध निवडलं की निराशा ठरलेली. येत्या सहा ते बारा महिन्यांत तुम्हाला नेमका कशात फरक हवा आहे हे आधी ठरवा. पाळी? केस आणि मुरुमं? साखर? वजन? की गर्भधारणा? या क्रमवारीवर औषध ठरतं, आणि दोन वर्षांनी ही क्रमवारी बदलली की औषधही बदलतं.

आधी निदान पक्कं आहे ना?

२००३ च्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: बीज अनियमित सुटणं (पाळीतलं अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ३५ पेक्षा जास्त, किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या), अँड्रोजन (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हॉर्मोन) वाढल्याची लक्षणं किंवा रक्तातला पुरावा, आणि सोनोग्राफीत अनेक बारीक बीजकोश दिसणारी अंडाशयं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी एएमएचची (बीजकोशांतून रक्तात येणाऱ्या हॉर्मोनची) रक्ततपासणीही चालेल असं म्हटलं आहे. तुमच्याकडे पाळीची अनियमितता आणि राठ केस या दोन गोष्टी आहेतच. म्हणजे निदानासाठी सोनोग्राफीची गरज नाही. पहिली पाळी येऊन आठ वर्षं झाली नसतील अशा मुलींत तर सोनोग्राफी आणि एएमएच दोन्ही निदानासाठी वापरूच नयेत, कारण त्या वयात अंडाशयं तशी दिसणं स्वाभाविक असतं.

पण हे निदान बाकीची कारणं बाजूला सारल्यावरच करायचं असतं. टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हॉर्मोन), १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात बिघाडासाठी) आणि गर्भधारणेची चाचणी, एवढं झालेलं असावं. केस काही महिन्यांत झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा टेस्टोस्टेरॉन बरंच जास्त आलं, तर तो पीसीओएस समजून गोळ्या सुरू करायच्या नाहीत. अंडाशय किंवा अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीची गाठ नाही ना हे आधी पाहायचं.

तपासणीत दोन गोष्टी हमखास घोळ घालतात. पहिली, केसांसाठी घेतलेलं बायोटिन. जास्त मात्रेत घेतलेलं बायोटिन हॉर्मोनच्या बऱ्याच चाचण्यांत ढवळाढवळ करतं: टीएसएच खोटं कमी, टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त दिसू शकतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा आणि प्रयोगशाळेला सांगा. दुसरी, गर्भनिरोधक गोळी चालू असताना केलेलं टेस्टोस्टेरॉन. गोळी ते दाबून टाकते, त्यामुळे त्या आकड्याला अर्थ राहत नाही. खरंच तपासायचं असेल तर गोळी बंद करून किमान तीन महिने थांबावं लागतं, आणि त्या काळात दुसरं गर्भनिरोधन वापरावं लागतं.

इन्सुलिन २४ चं काय करायचं?

खरं सांगायचं तर, फारसं काही नाही. उपाशीपोटी इन्सुलिनचा आकडा एका प्रयोगशाळेतून दुसरीकडे बदलतो, एकाच बाईत दोन दिवशी वेगळा येतो, आणि अमुक आकड्याच्या वर गेलं की अमुक औषध, असा सर्वमान्य उंबरठा नाही. त्यावरून काढलेला होमा-आयआर (इन्सुलिन गुणिले मिलिग्रॅममधली साखर, भागिले ४०५) संशोधनात उपयोगी पडतो, एका रुग्णाचं औषध ठरवायला नाही. म्हणूनच रोजच्या उपचारात ही चाचणी नियमितपणे करू नये असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांत, सडपातळ असलेल्यांतही, इन्सुलिनला शरीर पुरेशी दाद देत नाही (यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात). मानेवर किंवा काखेत काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा असेल, कमरेचा घेर वाढलेला असेल, तर ते रक्ताशिवायही कळतं.

उपयोगाची चाचणी वेगळी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घेऊन दोन तासांनी केलेली साखर. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या वाटेवर. २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह (लक्षणं नसतील तर दुसऱ्या चाचणीने खात्री करून). पीसीओएसमध्ये उपाशीपोटीची साखर पुष्कळदा नीट असते आणि बिघाड फक्त दोन तासांच्या आकड्यात दिसतो. तुमचं एचबीएवनसी ५.९ हे ५.७ ते ६.४ या मधल्या पट्ट्यात आहे, पण लोहाची कमतरता असेल तर तो आकडा खोटा वाढलेला असू शकतो, आणि रक्तपेशी लवकर फुटण्याच्या आजारांत खोटा कमी. म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी ही दोन तासांची चाचणी, सोबत हिमोग्लोबिन, लिपिड (रक्तातली चरबी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), यकृताची एन्झाइम्स आणि रक्तदाब एवढं करून घ्या. पुढे दर एक ते तीन वर्षांनी ग्लुकोजची चाचणी पुन्हा, तुमच्या जोखमीनुसार.

इन्सुलिन महत्त्वाचं आहे ते कारण म्हणून. रक्तात वाढलेलं इन्सुलिन अंडाशयातल्या पेशींना जास्त अँड्रोजन तयार करायला लावतं, आणि यकृतात तयार होणारं एसएचबीजी कमी करतं. एसएचबीजी हे टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन. ते घटलं की मोकळं, काम करणारं टेस्टोस्टेरॉन वाढतं, बीज पिकण्याची प्रक्रिया अर्ध्यावर अडकते, पाळी लांबते. मेटफॉर्मिन या साखळीच्या सुरुवातीला हात घालतं आणि गर्भनिरोधक गोळी शेवटाला. दोघांचा परिणाम इतका वेगळा का, ते यावरून लक्षात येईल.

काहीही ठरवा, पण ९० दिवसांची मर्यादा पाळा

औषधांच्या वादात हा मुद्दा मागे पडतो, आणि माझ्या मते हाच सगळ्यात तातडीचा आहे. बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन मात्र असतंच. गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं आणि गळून पडत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं तर अस्तराच्या पेशींची अवाजवी वाढ, आणि पुढे कर्करोगाची शक्यता वाढते. तरुण वयात एकूण धोका कमीच आहे, पण पीसीओएस नसलेल्या समवयस्क स्त्रियांच्या तुलनेत तो स्पष्टपणे जास्त आहे, आणि तो टाळणं अगदी सोपं आहे.

गर्भनिरोधक गोळी चालू असेल तर अस्तराचं संरक्षण आपोआप होतं. लेव्होनॉरजेस्ट्रेलची ५२ मिलिग्रॅमची गर्भाशयात बसवायची प्रणाली असेल तरीही होतं, मग पाळी येवो न येवो. यातलं काहीच नसेल आणि ९० दिवस पाळी आली नाही, तर आधी गर्भधारणेची चाचणी, ती नकारार्थी आली की प्रोजेस्टोजेनचा (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणाऱ्या औषधाचा) कोर्स: मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम रोज, १० ते १४ दिवस, किंवा मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन २०० मिलिग्रॅम रात्री झोपताना, १२ ते १४ दिवस. (दुसऱ्याने गुंगी येते, म्हणून रात्री.) गोळ्या संपल्यावर साधारण आठवडाभरात रक्तस्राव होतो. दोन आठवड्यांत झाला नाही तर पुन्हा गर्भधारणेची चाचणी करा आणि डॉक्टरांना भेटा. हा कोर्स गर्भनिरोधक नाही. तसा समज करून घेऊन फसलेल्या स्त्रिया कमी नाहीत. मधल्या काळात वेळी-अवेळी डाग पडत असतील किंवा रक्तस्राव दिवसेंदिवस थांबत नसेल, तर गोळ्यांनी तो दाबण्याआधी अस्तर तपासून घ्यायचं.

मेटफॉर्मिन

मेटफॉर्मिन मधुमेहाचं औषध म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे ‘मला तर मधुमेह नाही’ ही शंका रास्त आहे. पीसीओएससाठी त्याला औषध नियंत्रकांची वेगळी मान्यता बहुतेक ठिकाणी नाही, पण या वापराला तीस वर्षांचा अनुभव आहे आणि मार्गदर्शक तत्त्वं त्याची शिफारस करतात: बीएमआय २५ किंवा जास्त असलेल्या प्रौढ स्त्रियांत साखर, लिपिड आणि वजनासाठी जरूर विचारात घ्यावं, २५ च्या खाली असेल तरी घेता येईल. ते यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं. एकटं घेतलं तर साखर धोकादायकपणे खाली नेत नाही.

अपेक्षा किती ठेवायच्या? वजन दोन-तीन किलो इकडेतिकडे. वजन कमी करण्याचं औषध म्हणून त्याकडे पाहू नका. पाळी बऱ्याच जणींत सुधारते, पण सावकाश, चार ते सहा महिन्यांत, आणि सगळ्यांत नाही. केसांवर आणि मुरुमांवर परिणाम मामुली. मधुमेहाकडे होणारी वाटचाल मंदावते, आणि तुमच्या ५.९ साठी हे कारण पुरेसं आहे.

मेटफॉर्मिनचं घोडं अडतं ते पोटापाशी. मळमळ, जुलाब, गॅस, तोंडात धातूसारखी चव. बहुतेक वेळा दोष औषधापेक्षा ते सुरू करण्याच्या घाईत असतो. पहिल्याच दिवशी १००० मिलिग्रॅम दोनदा लिहून दिलं की आठवड्यात गोळ्या कपाटात जातात. सुरुवात अशी असावी:

पहिले एक-दोन आठवडे: ५०० मिलिग्रॅम, दिवसातल्या सगळ्यात मोठ्या जेवणासोबत. जेवणाआधी नाही, जेवता जेवता किंवा लगेच नंतर.

पुढे दर एक-दोन आठवड्यांनी ५०० मिलिग्रॅम वाढ, पोट शांत असेल तरच. पोट बिघडलं तर आधीच्या, सोसलेल्या मात्रेवर परत जाऊन दोन आठवडे थांबायचं आणि मग पुन्हा प्रयत्न.

साधारण मुक्काम १५०० ते २००० मिलिग्रॅम रोज. प्रौढांत कमाल २.५ ग्रॅम, किशोरवयीन मुलींत २ ग्रॅम.

एक्सआर किंवा एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी पोटाला सहसा जास्त मानवते. ती चावायची, कुटायची किंवा चुरायची नाही. नाहीतर सगळं औषध एकदम सुटतं. कधीकधी शौचात गोळीचं रिकामं टरफल दिसतं. औषध आत शोषलं गेलेलं असतं, घाबरू नका. एखादा डोस राहिला तर पुढच्या वेळी दुप्पट घ्यायचा नाही.

कुणी घेऊ नये: ईजीएफआर (मूत्रपिंडं किती काम करतात त्याचा आकडा) ३० च्या खाली असेल तर अजिबात नाही, ३० ते ४५ च्या दरम्यान नव्याने सुरू करू नये. यकृताचा गंभीर आजार किंवा भरपूर मद्यपान असेल तरी नाही, कारण लॅक्टिक ॲसिडोसिस (रक्तात लॅक्टिक आम्ल साचणं) ही दुर्मीळ पण जिवावर बेतणारी गोष्ट अशाच परिस्थितीत होते. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल, अन्न पोटात ठरत नसेल, तर बरं वाटेपर्यंत गोळी थांबवा. सीटी स्कॅनला शिरेतून रंगद्रव्य द्यायचं असेल किंवा शस्त्रक्रिया असेल तर मेटफॉर्मिन घेत असल्याचं आधी सांगा. मूत्रपिंडाचं काम पाहून ते थांबवायचं की नाही ठरतं.

दीर्घकाळ आणि जास्त मात्रेत घेतलं की बी-१२ चं शोषण कमी होतं. हातापायांना मुंग्या, थकवा, जीभ लाल होणं हे ‘पीसीओएसचंच असेल’ म्हणून सोडून देऊ नका. मांसाहार न करणाऱ्यांनी सुरुवातीलाच एकदा बी-१२ तपासून घ्यावं, नंतर अधूनमधून.

आणि एक इशारा. मेटफॉर्मिनने बीज सुटायला लागू शकतं, पाळी परत यायच्या आधीच. ‘मला तर सहज दिवस जाणार नाहीत’ या समजावर विसंबून असाल आणि मूल दोन वर्षांनी हवं असेल, तर पहिल्या दिवसापासून गर्भनिरोधन वापरा.

‘मेटफॉर्मिनचा मला काही उपयोग झाला नाही’ असं ऐकू येतं, तेव्हा मागे सहसा चारपैकी एक कारण असतं. मात्रा ५०० वरच अडकली. दोन महिन्यांत बंद केलं. केस जावेत म्हणून घेतलं. किंवा पाळी लांबण्याचं कारण थायरॉइड किंवा प्रोलॅक्टिन होतं आणि ते कुणी तपासलंच नाही.

गर्भनिरोधक गोळी

मूल लगेच नको आहे, पाळी आणि केस ही मुख्य तक्रार आहे, अशा वेळी एकत्रित गोळी (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेली) पहिल्या पसंतीची. ती अंडाशयातलं अँड्रोजन कमी करते, एसएचबीजी वाढवते, अस्तर सांभाळते आणि गर्भनिरोधनही करते. गोळीवर दर महिन्याला येते ती खरी पाळी नव्हे, गोळ्यांतल्या खंडामुळे होणारा रक्तस्राव आहे. म्हणून ‘गोळीने पाळी नियमित झाली, आता बंद केली की नियमितच राहील’ ही अपेक्षा चूक. बंद केल्यावर मूळचा स्वभाव परततो. तो गोळीमुळे बिघडलेला नसतो, मधल्या काळात झाकलेला असतो.

कोणता ब्रँड? पीसीओएससाठी अमुकच गोळी सरस असा पुरावा नाही. इथिनिल इस्ट्राडायोल २० ते ३० मायक्रोग्रॅम असलेली, कमी मात्रेची गोळी घ्यावी. ३५ मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडायोल आणि २ मिलिग्रॅम सायप्रोटेरॉन ॲसिटेटची जोडी पीसीओएसमध्ये सर्रास लिहिली जाते. तिला पहिली पसंती देऊ नये, कारण शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका तिच्यात जास्त आहे. हा धोका आकड्यांत असा: गोळी न घेणाऱ्या, गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांत वर्षाला साधारण २ जणींना गुठळी होते, लेव्होनॉरजेस्ट्रेलच्या गोळीवर ५ ते ७, ड्रॉस्पिरेनॉन किंवा डेसोजेस्ट्रेलच्या गोळीवर ९ ते १२. म्हणजे धोका वाढतो, पण मूळचा लहान आकडा लहानच राहतो. वजन जास्त असेल, घरात जवळच्या कुणाला कमी वयात गुठळी झाली असेल, तर मात्र हे गणित बदलतं.

एकत्रित गोळी कुणाला नको: ज्यांच्या अर्धशिशीत डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर झगमग किंवा नागमोडी रेषा येतात, ३५ वर्षांवरील धूम्रपान करणाऱ्या, रक्तदाब १४०/९० किंवा वर, आधी गुठळी, पक्षाघात किंवा स्तनाचा कर्करोग झालेल्या, यकृताचा गंभीर आजार असलेल्या, नुकत्याच बाळंत झालेल्या. रक्तदाब न मोजता गोळी लिहून दिली असेल तर आधी तो मोजा. सगळ्या तपासण्यांत ही सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त वेळा राहून जाणारी. रिफॅम्पिसिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन ही औषधं चालू असतील तर गोळीचा परिणाम उतरतो. हे डॉक्टरांना सांगाच.

पहिले दोन-तीन महिने मधेच डाग पडणं, स्तन दुखणं, मळमळ हे होतं आणि बहुधा ओसरतं. यामुळे दर महिन्याला ब्रँड बदलत बसू नका. तीन महिने एकच घ्या. गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली तर दुसरी घ्या. एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, अचानक भयंकर डोकेदुखी, दिसण्यात किंवा बोलण्यात फरक: यातलं काहीही झालं तर गोळी बंद आणि थेट तातडीच्या विभागात.

गोळी साखरेसाठी काही करत नाही. काहींत ट्रायग्लिसराइड्स आणि रक्तदाब थोडा वाढवते. म्हणून साखर मधल्या पट्ट्यात आणि बीएमआय जास्त असेल तेव्हा गोळी आणि मेटफॉर्मिन दोन्ही एकत्र देतात. दोघांचं आपसात वैर नाही, आणि अशा स्त्रियांना जोडीचा फायदा जास्त दिसतो.

केसांसाठी आणखी काही?

केसाचं चक्र सावकाश चालतं, त्यामुळे कोणत्याही औषधाला किमान सहा महिने द्यावे लागतात. आधीच राठ झालेले केस औषधाने गळून पडत नाहीत. नवे बारीक आणि हळू येतात. म्हणून लेझर किंवा इलेक्ट्रोलिसिस औषधासोबतच सुरू केलेलं बरं. गोळीने सहा महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही तर स्पायरोनोलॅक्टोन २५ ते १०० मिलिग्रॅम रोज जोडता येतं. पण ते पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत बिघाड करू शकतं, त्यामुळे खात्रीचं गर्भनिरोधन नसेल तर ते नाही म्हणजे नाही. पोटॅशियम वाढवणारी इतर औषधं किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पोटॅशियम तपासत राहायचं. ड्रॉस्पिरेनॉनच्या गोळीसोबत घेताना हे विशेष लक्षात ठेवा. फ्लुटामाइड यकृताला घातक ठरू शकतं, त्याच्या वाटेला जायचं कारण नाही.

इनोसिटॉल

मायो-इनोसिटॉल २ ग्रॅम दोनदा, किंवा मायो आणि डी-कायरो (इनोसिटॉलचे दोन प्रकार) ४०:१ या प्रमाणात, अशी नेहमीची मात्रा. नुकसान फारसं नाही, पोटाला मेटफॉर्मिनपेक्षा सुसह्य. साखर-इन्सुलिनच्या आकड्यांत थोडी सुधारणा दिसू शकते. बीज सुटणं, केस, वजन यांवर मात्र भरवशाचा पुरावा तोकडा आहे. मेटफॉर्मिन अजिबात सोसत नसेल किंवा साखर पूर्ण नीट असून फक्त ‘काहीतरी सौम्य’ हवं असेल, तर सहा महिने करून पाहायला हरकत नाही. एचबीएवनसी ५.९ असताना मेटफॉर्मिनच्या जागी फक्त इनोसिटॉल मी सुचवणार नाही. आणि नुसत्या डी-कायरोच्या मोठ्या मात्रा घेऊ नका. त्यांनी बीजाच्या दर्जावर उलटा परिणाम होण्याची शंका आहे. हे पूरक द्रव्य म्हणून विकलं जातं, औषध म्हणून नाही, त्यामुळे डबीवरची मात्रा आणि आतली मात्रा जुळेलच याची हमी औषधाइतकी नसते.

वजनाची इंजेक्शनं

लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड यांनी वजन मेटफॉर्मिनच्या कितीतरी पट उतरतं, आणि वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. पीसीओएससाठी म्हणून नव्हे, लठ्ठपणाच्या निकषांत बसत असाल तर विचारात घ्यायची ही औषधं आहेत. (आशियाई वंशाच्या लोकांत बीएमआयच्या मर्यादा खालच्या धरतात.) सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी वाढवतात. घाई केली की उलट्या ठरलेल्या. मेड्युलरी थायरॉइड कर्करोगाचा स्वतःचा किंवा घरचा इतिहास असेल तर नाही. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर आधी सांगा.

गर्भधारणेच्या बाबतीत दोन गोष्टी पक्क्या हव्यात. सेमाग्लुटाइड गर्भधारणेच्या प्रयत्नाआधी किमान दोन महिने बंद केलेलं असावं. आणि टिर्झेपाटाइडमुळे तोंडाने घेतलेल्या गर्भनिरोधक गोळीचं शोषण कमी होतं, म्हणून सुरुवात केल्यावर आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवल्यावर चार आठवडे कंडोमही वापरावा. बंद केल्यावर वजनाचा बराच भाग परत येतो. सुरू करण्याआधीच थांबवण्याचा बेत ठरलेला असावा.

व्यायाम आणि आहार यांवर इथे लांबण लावत नाही. पीसीओएससाठी एकच सर्वश्रेष्ठ आहार असल्याचा पुरावा नाही. टिकेल तो चांगला. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंवर ताण देणारा व्यायाम, वजन उतरो न उतरो, इन्सुलिनला दाद मिळण्यासाठी उपयोगी पडतो.

मूल हवं असेल तेव्हा

तेव्हाचं पहिलं औषध मेटफॉर्मिन नाही, लेट्रोझोल (बीज सुटायला लावणारी गोळी) आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ६२६ स्त्रियांच्या चाचणीत फक्त मेटफॉर्मिनवर ७.२ टक्के स्त्रियांना मूल झालं, क्लोमिफीनवर (बीज सुटण्यासाठीचं जुनं औषध) २२.५ टक्के, दोन्हींवर २६.८ टक्के. २०१४ च्या ७५० स्त्रियांच्या चाचणीत क्लोमिफीनवर १९.१ टक्के तर लेट्रोझोलवर २७.५ टक्के. लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅमपासून, पाळीच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत. बीज सुटलं नाही तर पुढच्या चक्रांत ५, मग ७.५ मिलिग्रॅम. हे स्त्रीरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच, आणि सुरू करण्याआधी जोडीदाराची वीर्यतपासणी झालेली हवी. ती न करता सहा चक्रं लेट्रोझोल घेणं म्हणजे वर्षातला अर्धा काळ वाया घालवणं.

मेटफॉर्मिन त्यासोबत चालू राहू शकतं. दिवस गेल्यावर ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. गरोदरपणातला मधुमेह ते टाळतं असं दिसलेलं नाही; वेळेआधी प्रसूतीचा धोका कमी करण्यासाठी काहींत विचार होतो; आणि अशा मुलांचं बालपणातलं वजन थोडं जास्त असल्याचे संकेत आहेत. स्पायरोनोलॅक्टोन आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉलचं औषध) चालू असेल तर ते गर्भनिरोधन थांबवण्याआधीच बंद झालेलं असावं. फॉलिक ॲसिड प्रयत्नांच्या किमान एक महिना आधीपासून. मात्रा डॉक्टर ठरवतील, कारण बीएमआय आणि मधुमेहानुसार ती बदलते.

तुमच्यापुरतं

दिलेल्या माहितीवरून माझा कल असा. आधी दोन तासांची ग्लुकोज चाचणी, रक्तदाब आणि वर लिहिलेल्या रक्ततपासण्या. मधुमेह निघाला नाही आणि गोळीला मनाई करणारं काही नसेल, तर कमी मात्रेची एकत्रित गोळी आणि मेटफॉर्मिन दोन्ही, पण एकाच दिवशी सुरू न करता. आधी मेटफॉर्मिन हळूहळू १५०० पर्यंत न्या, मग महिन्या-दीड महिन्याने गोळी. म्हणजे मळमळ झाली तर कशाने ते कळेल. तोपर्यंत कंडोम. गोळी नको असेल किंवा चालत नसेल, तर मेटफॉर्मिन, दर ९० दिवसांच्या आत पाळी आली नाही तर प्रोजेस्टोजेनचा कोर्स, केसांसाठी लेझर आणि वेगळं गर्भनिरोधन.

तीन महिन्यांनी एचबीएवनसी, वजन, कमरेचा घेर, रक्तदाब. सहा महिन्यांनी केसांचा हिशोब: आठवड्यातून किती वेळा काढावे लागतात हे आजच लिहून ठेवा, आरशातल्या अंदाजावर विसंबू नका. गोळी न घेता फक्त मेटफॉर्मिनवर असाल तर पाळीच्या तारखाही लिहा. पूर्ण मात्रेवर सहा महिने होऊनही साखर, वजन, पाळी यांपैकी कशातच फरक नसेल, तर मेटफॉर्मिन चालू ठेवण्याचं कारण डॉक्टरांना विचारा. गर्भधारणेचा बेत ठरला की त्याच्या तीन-चार महिने आधी एक भेट घ्या: कोणती औषधं कधी बंद करायची, साखर पुन्हा कधी तपासायची आणि लेट्रोझोल कधी सुरू करायचं हे त्या भेटीत तारखांसकट लिहून घ्या.